चावणं तुझं, पचवणं शरीराचं

आता पुण्यात तुझं स्वतःचं स्वयंपाकघर सुरू होतंय, म्हणून हे लिहून देतेय. कशात किती तिखट-मीठ घालायचं ते तुझी आई सांगेल. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा माझ्याकडून घ्यायचं ते पोटाचं.

पचनात दोन तऱ्हेची कामं चालतात, ही गोष्ट आधी पक्की कर. एका कामात अन्न मोडतं, भिजतं, घुसळलं जातं, पुढे ढकललं जातं, पण पदार्थ तोच राहतो. भाकरीचा कितीही बारीक चुरा केलास तरी तिच्यातला स्टार्च स्टार्चच असतो. हा भौतिक बदल. दुसऱ्या कामात पदार्थच पालटतो. स्टार्चची साखर होते, डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात, तुपाची स्निग्धाम्लं होतात. हा रासायनिक बदल, आणि ही साखर पोटात पुन्हा स्टार्च होत नाही. पहिल्या कामाचा मोठा वाटा तुझ्या हातात आहे. दुसरं काम शरीर करतं आणि ते तुला विचारून करत नाही. मी आजवर पाहत आले ते असं, की माणसं आपला वाटा करायचा सोडून देतात आणि शरीराच्या वाट्यात सोडा, चूर्णं, गोळ्या घेऊन लुडबुड करतात. माझं सगळं सांगणं याभोवतीच आहे.

पहिली गोष्ट अर्थातच चावण्याची. बत्तीस वेळा चाव, असं तुला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय. आकडा विसर. घास तोंडात सरसरीत झाला, त्यात कण लागेनासे झाले की गिळ. भाताला थोडं चावणं पुरतं. ज्वारीची भाकरी, कच्ची काकडी, शेंगदाणे, मटण यांना बरंच जास्त लागतं. दात फक्त तोंडात आहेत. जठराच्या भिंती स्नायूंच्या आहेत, त्या अन्न घुसळतात, पण दाणा फोडायला त्यांच्याकडे काही नाही. आणि पाचक रस काम करतात ते अन्नाच्या पृष्ठभागावर. तुकडा जितका बारीक तितका त्याचा उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून एकाच वेळी जास्त ठिकाणी काम सुरू होतं. मक्याचे दाणे नीट न चावता गिळले तर दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर पडतात, हे तूही पाहिलं असशील. दाण्याचं साल आपल्याला पचत नाही, आणि ते फुटलंच नाही तर आतल्या पिठापर्यंत रस पोचत नाहीत.

यामागचा इतिहास मी वर्गात आवडीने सांगायचे. पोटात अन्न नुसतं दळलं जातं की त्याचं काही वेगळंच होतं, यावर युरोपात मोठा वाद होता. 1752 साली फ्रान्समध्ये रेओमूर या शास्त्रज्ञांनी आपल्या पाळलेल्या घारीला जाळीने बंद केलेल्या धातूच्या नळ्यांमधून मांस गिळायला दिलं. नळीमुळे मांसावर दाब पडणं शक्यच नव्हतं. घारीने नळ्या ओकून टाकल्या तेव्हा आतलं मांस बरंचसं विरघळलेलं होतं, म्हणजे ते दळण्याने नव्हे, पोटातल्या रसाने झालं होतं. पुढे इटलीतल्या स्पालांझानी या शास्त्रज्ञांनी कापडाच्या लहान पिशव्यांत अन्न भरून त्या स्वतः गिळल्या आणि हाच निष्कर्ष माणसाबाबत काढला. मग 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. जठरातला रस बाटलीत काढून, शरीराइतका उबदार ठेवून, त्यातही मांस विरघळतं हे त्याने दाखवलं. त्या गरीब माणसाला या प्रयोगांचा पुष्कळ त्रास झाला, तेही मी मुलांना सांगायचे, कारण आपल्याला मिळालेल्या ज्ञानाची किंमत त्याने मोजली आहे. ब्यूमाँटचं पुस्तक 1833 साली निघालं. त्यातला एक निष्कर्ष तुझ्यासाठी: अन्न जितकं बारीक आणि जितकं मऊ, तितकं पचन सोपं. आपल्याकडे आजारी माणसाला पेज, मऊ भात, मुगाचं कढण देतात. त्यामागचा अनुभव आणि हा निष्कर्ष एकच आहेत.

लाळेचं रसायन तुला घरीही दिसेल. भाताची पातळ पेज थंड करून दोन वाट्यांत घे. एका वाटीत थोडी लाळ टाक, ढवळ आणि पंधरा-वीस मिनिटं थांब. मग दोन्हीत जखमेवर लावायच्या आयोडीनचा एकेक थेंब टाक. नुसत्या पेजेची वाटी निळी-काळी होईल. लाळेच्या वाटीत तो रंग फिका पडेल किंवा येणारच नाही, कारण तिथला स्टार्च अमायलेज या विकराने (एन्झाइमने) तोडलेला असेल. नंतर दोन्ही वाट्या ओतून टाक आणि स्वच्छ घास. लाळ दिवसाला साधारण एक ते दीड लिटर तयार होते. घास घाईने गिळलास तर तिला त्याच्यात मिसळायला वेळच मिळत नाही. पुढे स्वादुपिंडाचा रस तेच काम करतो, त्यामुळे स्टार्च न पचता राहील असं नाही. पण घाईत जेवणारा माणूस हवाही गिळतो, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायच्या आत दोन पोळ्या जास्त खातो. म्हणून लॅपटॉपसमोर बसून जेवू नकोस. हे मी प्रेमाने नाही, हक्काने सांगतेय.

जेवताना पाणी प्यायलं की जठरातला रस पातळ होऊन पचन बिघडतं, असं तुला पुष्कळ जण सांगतील. त्याला आधार नाही. जठर लागेल तसं आम्ल सोडत राहतं, पेलाभर पाण्याने त्याचं काही अडत नाही. खुशाल पाणी पी. फक्त न चावलेला घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलू नकोस, कारण तिथे तू तुझा वाटा चुकवतेस.

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, प्रयोगशाळेतल्या बाटलीत असतं तेच. जठरातला सामू (पीएच) साधारण दीड ते साडेतीनच्या दरम्यान राहतो. या आम्लामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात, मग पेप्सिन हे विकर त्यांचे तुकडे पाडतं. अन्नातून आलेले पुष्कळसे जंतूही इथेच मरतात. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा थर असतो म्हणून ते स्वतः वाचतं. आता आम्ल म्हटलं की लोकांना ते शत्रू वाटतं. जरा जळजळलं की फेसाळणारी पावडर, रोज सकाळी आम्ल कमी करणारी गोळी. बाई, कधीमधी घेतलंस तर बिघडत नाही. पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने अशी गोळी घेत राहिलीस तर बी-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. त्यात आपण घरी बहुतेक शाकाहारी, बी-12 आधीच बेताचं. जळजळ वारंवार होत असेल तर आधी रात्रीचं उशिराचं जेवण, तळकट पदार्थ, सिगारेट-दारू आणि वाढलेलं वजन यांकडे बघावं. तेवढ्यानेही थांबली नाही तर डॉक्टरकडे जावं. अल्सरबद्दल एक लक्षात ठेव. तो तिखट खाण्याने आणि काळजी करण्याने होतो असं माझ्या तरुणपणी सगळे मानत. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरांनी 1984 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. म्हणजे अल्सर पुष्कळदा औषधाने बरा होणारा संसर्ग असतो, आणि काही वेदनाशामक गोळ्या सारख्या घेतल्यानेही तो होतो. पाळीत पोट दुखतं म्हणून तू गोळी घेतेस ना, ती काहीतरी खाऊन घेत जा.

आता ओट्यापाशी ये. पचनातला तुझा वाटा घासाच्या आधीच, डबे उघडतेस तिथे सुरू होतो.

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकियोज अशा काही साखरा असतात. त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या खातात आणि वायू सोडतात. म्हणून हरभरा, वाटाणा, राजमा खाल्ला की पोट फुगतं. उपाय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: रात्रभर भिजवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं. त्या साखरा पाण्यात उतरतात आणि बऱ्याचशा पाण्याबरोबर जातात. मटकी, मूग, वाल यांना मोड आणलेस तर अंकुर स्वतःच्या वाढीसाठी त्या वापरतो. शिवाय लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणून ती जास्त शोषली जातात, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं. इतका फायदा एका ओल्या फडक्यात बांधून ठेवण्याने होत असेल तर आळस कशाला? फक्त मोड आलेलं कडधान्य कच्चं खाऊ नकोस, निदान वाफवून घे. ओल्या उबेत अंकुरांबरोबर जंतूही वाढतात. उसळ शिजवताना सोडा टाकू नकोस. दाणा लवकर मऊ होतो खरा, पण क्षारामुळे बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. कुकर आहे, दोन शिट्ट्या जास्त दे.

राजम्याबद्दल वेगळं सांगते. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. रात्रभर भिजव, पाणी फेक, कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजव. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो कधीही थेट टाकू नकोस. तिथलं तापमान ते प्रथिन मोडायला पुरत नाही.

पोह्यांवर, आमटीत, मेथीच्या भाजीवर लिंबू पिळ. वनस्पतींतलं लोह शरीराला शोषायला अवघड जातं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याचं रूप बदलून ते सोपं करतं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, उष्णतेने ते जीवनसत्त्व जातं. आणि पोह्यांबरोबर चहा पिऊ नकोस. चहातली टॅनिन्स तेच लोह पकडून ठेवतात. खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेव. आपल्याकडच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की हे मी पुन्हापुन्हा सांगणार.

दूध पोटाला लागत असेल तर दोष तुझ्या पोटाचा नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर तोडणारं विकर मोठेपणी पुष्कळ भारतीयांमध्ये कमी होतं. विरजण लावलंस की जिवाणू त्यातली काही साखर वापरून तिचं लॅक्टिक आम्ल करतात, म्हणून दही-ताक सोसतं. चहापुरतं दूध बहुतेकांना चालतं.

उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. भातात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात. भात ओट्यावर रात्रभर राहिला तर ते जागे होतात आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा फोडणी देऊनही जात नाही. फ्रिजमध्ये नीट ठेवलेला भात मात्र चांगला. थंड होताना त्यातला काही स्टार्च घट्ट रचनेत बसतो, लहान आतड्यात तो पचत नाही आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य मिळतं.

वरणभातावर तूप घे, घाबरू नकोस. स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाहीत आणि पोटातलं सगळं काम पाण्यात चालतं. ही अडचण पित्त सोडवतं. बाटलीत पाणी आणि तेल घालून हलवलंस तर तेल पुन्हा वर येतं. त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेस की बारीक थेंब होऊन पाणी दुधट दिसतं. पित्त तुपाचं तेच करतं. त्यात विकर नाही, म्हणजे हा बदल भौतिक. मग त्या बारीक थेंबांवर स्वादुपिंडाचं लायपेज काम करतं, तो रासायनिक. यकृत पित्त सतत तयार करतं, पित्ताशय ते साठवून ठेवतं. एकाच बैठकीत खूप तळलेलं खाल्लंस की जठर उशिरा रिकामं होतं, पोट तासन्‌तास जड राहतं. रोज चमचाभर तूप आणि एके दिवशी दहा भजी, यात शरीराला पहिलं सोपं.

यापुढचं काम लहान आतडं करतं, साधारण सहा मीटर लांब. स्वादुपिंडातला क्षारधर्मी रस इथे आम्ल शमवतो, विकरं उरलेली तोडफोड करतात आणि आतल्या बारीक उंचवट्यांमधून सगळं रक्तात व लसिकेत जातं. आतड्याचा आतला पृष्ठभाग उलगडून मांडला तर सुमारे 30 चौरस मीटर भरेल, असं मोजमाप आहे. इथे तुला करण्यासारखं काही नाही. तू फक्त त्याला वेळ दे, सारखं चरत राहू नकोस.

जेवणानंतर शतपावली घाल. दहा-पंधरा मिनिटं हळू चाललीस तर रक्तात आलेली साखर स्नायू वापरतात आणि ती एकदम चढत नाही. दुपारी आडवं व्हायचं असेल तर डाव्या कुशीवर. वामकुक्षी घ्यायला आपले वडीलधारे उगीच सांगत नव्हते. जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर त्यातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहतं, उजव्या कुशीवर ते वर यायला वाट मिळते. रात्रीच्या जेवणात आणि झोपेत दोन-तीन तास ठेव.

भाकरी, पालेभाज्या, सालासकट फळं रोज पोटात जाऊ देत. त्यांतला चोथा तुला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना पुरतो, आणि ते त्यातून जी आम्लं बनवतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. चोथा वाढवलास की पाणीही वाढव, नाहीतर कोठा उलट जास्त बांधला जाईल. दिवसातून अनेकदा वारा सरणं हे निरोगीपण आहे, त्यासाठी औषध नको.

जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच चांगलं. मीठ आणि साखर एकत्रच लागतात. आतड्याच्या पेशी साखरेबरोबर मिठातलं सोडियम आत ओढतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं. साखर जास्त टाकलीस तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, म्हणून शीतपेयं आणि डब्यातले रस नकोत. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलऱ्याची साथ होती. सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत असंच मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आतड्याचं रसायन समजून घेतल्याने किती जीव वाचतात, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटचं, आणि हे आईबाबांनाही वाचून दाखव. शौचातून रक्त पडणं, डांबरासारखं काळं शौच होणं, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त दिसणं, यांपैकी काहीही झालं तर घरगुती उपाय नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेलं, तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पीत बसायचं नाही. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांमध्ये कधीकधी नुसती मळमळ, धाप आणि थकवा एवढंच दिसतं. ते पोटाचं आहे की हृदयाचं हे घरी ठरवता येत नाही, ते दवाखान्यात ईसीजी आणि इतर तपासण्यांवरच ठरतं. 108 ला फोन कर, रात्र असली तरी आणि कुणी नको म्हटलं तरी.